तरुण संघासाठी वर्षभर वापरलेली तीन ॲप आणि एक पॅकेज

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची सभा शनिवारी संध्याकाळी साडेपाचला असते. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी सात मुलं आली. रजिस्टरवर नावं ३१. मी पेटी उघडून बसले होते, पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) दाराशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. आलेल्या सातांपैकी पाच जण मागच्या बाकावर खाली माना घालून फोनवर. त्यातल्या एकाला मी विचारलं, बाकीचे का रे येत नाहीत? तो म्हणाला, "ताई, त्यांना माहीतच नाही आज सभा आहे ते." रविवारी उपासनेत पुलपिटवरून जाहिरात झाली होती, फलकावर खडूने लिहिलंही होतं. पण मुलांची नजर आता फलकाकडे जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी नगरची. (आता अहिल्यानगर लिहायचं, पण बोलताना तोंडात नगरच येतं.) प्राथमिक शाळेत शिकवते आणि ११ वर्षांपासून तरुण संघाचं काम बघते. इतर मंडळ्यांमधले दोन-तीन जण विचारत होते की फोनवरून मुलांना जोडण्यासाठी काय वापरावं, काय टाळावं. जे वापरलं त्याविषयीच लिहिते आहे. वाचणाऱ्यांनी आपापल्या मंडळीचा विचार करून घ्यावा.

आधी पैसे गेले ती गोष्ट. कुठल्याशा ओळखीतून शहरातल्या एका सोशल मीडिया एजन्सीचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाही. महिन्याला ६,५०० रुपये, त्यात १२ पोस्ट, ४ रील आणि फॉलोअर वाढवून देण्याचं आश्वासन. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत खजिनदार काका नको म्हणत होते, मीच आग्रह धरला. पहिली पोस्ट आली, त्यात समुद्रकिनाऱ्यावर गिटार घेऊन बसलेली परदेशी मुलं आणि खाली बायबलमधलं वचन. त्या वचनातली सगळी जोडाक्षरं फुटलेली. 'ख्रिस्त' लिहिताना ख चा पाय मोडून पुढे रि वेगळा पडलेला, 'प्रीती'चं तर वाचताच येईना असं काहीतरी झालेलं. मी फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, मॅडम, डिझाइनमध्ये फाँट तसाच येतो. शाळेत दुसरीच्या मुलाने असं लिहिलं तर मी त्याच्याजवळ बसून ते पुन्हा लिहून घेते. देवाचं वचन मोडक्या अक्षरात सगळ्या गावासमोर जाताना मला फार वाईट वाटलं. फॉलोअर वाढले हे खरं, पण त्यांतला एकही आमच्या ३१ मधला नव्हता. तीन महिन्यांनी बंद केलं. या पॅकेजला मी एकही तारा देणार नाही. त्या पैशांत संघाची दोन दिवसांची सहल झाली असती, आणि सहलीला मुलं नक्की येतात.

मग ठरवलं की जे करायचं ते मुलांनी करायचं आणि आपण पाठीशी राहायचं.

इन्स्टाग्रामपासून सुरुवात केली, कारण मुलं तिथे असतात. संघाचं खातं अकरावीतल्या दोन मुली आणि दहावीतला एक मुलगा चालवतात. पासवर्ड माझ्याकडे आणि पाळकबाईंकडे. खातं प्रायव्हेट ठेवलंय, म्हणजे विनंती आल्यावर आम्ही ओळख पटवूनच आत घेतो. फॉलोअर कमी राहतात, राहू देत.

सगळ्यात उपयोगी पडली ती स्टोरीतली प्रश्नाची चौकट. शुक्रवारी रात्री मुली एक प्रश्न टाकतात, मुलं उत्तर लिहितात आणि शनिवारच्या सभेत आम्ही त्यांतले दोन-तीन प्रश्न घेतो. कोणी लिहिलं ते सभेत सांगत नाही. पहिल्याच महिन्यात एकाने लिहिलं होतं, "मी प्रार्थना करतो तेव्हा मला काहीच वाटत नाही, हे पाप आहे का?" अकरा वर्षांत मला समोर बसून हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. त्या शनिवारी आम्ही ठरलेला पाठ बाजूला ठेवला. पाळकसाहेबांनी स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल सांगितलं, आई वारल्यानंतर वर्षभर त्यांना प्रार्थना करता आली नव्हती ते. मुलं इतकी शांत बसली होती की बाहेरची रिक्षा उभी राहिल्याचा आवाज आत आला.

रीलबद्दल माझं मत थोडं सावध आहे. वचनावर संगीत चढवलेली रील मुलं अंगठ्याने सरकवून पुढे जातात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण कापणीच्या सणाची रील चालली. आमच्याकडे सणाला लोक शेतातलं, परसातलं घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एक आजोबा दरवर्षी भोपळ्यावर बोली लावतात, कितीही वर गेली तरी सोडत नाहीत. दहावीतल्या मुलाला ते चित्रीकरण करायचं होतं. मी म्हटलं, आधी आजोबांना विचारून ये. तो विचारायला गेला आणि पाऊण तासाने परत आला. आजोबांनी त्याला सांगितलं होतं की त्यांच्या लहानपणी दुष्काळात घरात काहीच नव्हतं, तेव्हा आईने अर्पणाला एकच भोपळा आणला होता आणि तो कोणी घेतला नाही म्हणून ती रडली होती. रील ४० सेकंदांची झाली. पुण्या-मुंबईला गेलेल्या कितीतरी जणांनी ती एकमेकांना पाठवली. पण मला मोलाचा वाटतो तो पाऊण तास. तो मुलगा आता रविवारी आजोबांच्या शेजारी बसतो.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. सप्टेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी 'टीन अकाउंट' आणलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते भारतातही येत असल्याचं जाहीर केलं. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणसाचा मेसेज मुलापर्यंत पोहोचत नाही, दिवसाला ६० मिनिटं झाली की आठवण येते आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. १६ वर्षांखालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर आईवडिलांची परवानगी लागते. व्यवस्था चांगली आहे, पण ती मुलाने लिहिलेल्या जन्मवर्षावर उभी आहे. आम्ही पालकांची एक बैठक घेतली, प्रत्येक आईने आपल्या मुलाशेजारी बसून खातं उघडून पाहिलं. बऱ्याच मुलांनी वय वाढवून लिहिलेलं निघालं. तिथे कोणी कोणाला रागावायचं नाही असं आधीच ठरलं होतं. दोन दिवसांत सगळ्यांनी दुरुस्त केलं. कुठल्याही मंडळीला मी म्हणेन, खातं सुरू करण्याआधी ही बैठक घ्या.

आता व्हॉट्सॲप. इथे आमच्याकडून मोठी चूक झाली आणि ती लिहिल्याशिवाय हा अनुभव खरा होणार नाही. सुरुवातीला मी एकच ग्रुप केला आणि आठवीच्या मुलींपासून ३० वर्षांच्या नोकरदार मुलांपर्यंत सगळ्यांना त्यात घातलं, कारण आमचा तरुण संघ तसाच आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आठवड्याभरात नववीतल्या एका मुलीला रात्री साडेअकराला मेसेज येऊ लागले, 'झोपलीस का', 'डीपी छान आहे'. पाठवणारा ग्रुपमधलाच, वयाने तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. मुलीने आईला दाखवलं, आईने मला फोन केला. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी तिचा नंबर तुमच्या भरवशावर दिला होता." त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आणि मी त्या मुलाच्या घरी गेलो, त्याच्या आईवडिलांसमोर बोललो. त्याला संघातल्या जबाबदारीतून बाजूला केलं. ग्रुप त्याच दिवशी मोडला.

त्यानंतर आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली 'कम्युनिटी'ची सोय वापरायला घेतली. तिच्यातल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सभेची वेळ, गाण्याचा सराव, कोणाच्या घरी प्रार्थना, एवढंच तिथे जातं. आठवी ते बारावीचा किशोर गट वेगळा केला, त्यात पाळकबाई, मी आणि दोन पालक आहोत. नियम छापून वाटले, पालकांच्या सह्या घेतल्या. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाला एकट्याला मेसेज करायचा नाही. अगदीच गरज पडली तर आई किंवा वडील त्या संभाषणात हवेत. रात्री ९ नंतर काही पाठवायचं नाही. मुलांचा फोटो त्यांच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचा नाही, फोटोखाली नाव आणि शाळा तर मुळीच नाही. व्हॉट्सॲपला वयाची अट १३ वर्षांची आहे, म्हणून संडे स्कूलमधल्या लहान मुलांसाठी आम्ही त्यांच्या आयांचाच ग्रुप ठेवला. आपल्या देशात २०२३ साली आलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायला सांगितलं आहे. मंडळीचं रजिस्टर एक्सेलमध्ये चढवून इकडेतिकडे पाठवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

निरोप पोचवायला व्हॉट्सॲपला तोड नाही. पण तिथे खोलवर बोलणं होत नाही. सकाळी 'सुप्रभात'ची फुलं, त्यावर हात जोडलेली चिन्हं, आणि त्यातच कोणाच्या तरी प्रार्थनेची विनंती वाहून जाते. त्यासाठी दुसरी जागा हवी होती.

ती जागा म्हणजे यूव्हर्जनचं बायबल ॲप. मला तीनपैकी एकच ठेवायला सांगितलं तर मी हेच ठेवेन. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्च नावाच्या मंडळीने हे काढलं. पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत. बायबल सोसायटीचं आपल्या उपासनेत वाचलं जाणारं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, त्यात आहे आणि सोप्या मराठीतलंही आहे. दोन्ही शेजारी ठेवून एकच वचन बघता येतं. मोठ्या माणसांना पहिलं हवं असतं, मुलांना दुसरं कळतं. शनिवारी आम्ही दोन्ही वाचतो.

यात 'मित्रांसोबत वाचन' अशी सोय आहे. पाच-सहा जणांनी मिळून एक योजना निवडायची, रोज ठरलेला भाग वाचायचा आणि दिवसाच्या शेवटी खाली आपला विचार लिहायचा. कोणी वाचलं, कोण मागे राहिलं ते सगळ्यांना दिसतं. मराठीत तयार योजना इंग्रजीच्या मानाने कमी आहेत, आणि काहींची भाषा भाषांतर केल्यासारखी वाटते. म्हणून मी मुलांना आधी बायबलमधलीच साधी पुस्तकं दिली. याकोबाचं पत्र पाच अध्यायांचं, शाळेचा एक आठवडा. मार्ककृत शुभवर्तमान १६ अध्यायांचं. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, तेव्हा तारखेप्रमाणे रोज एक.

गट लहान ठेवला तरच हे चालतं, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला कळलं. पहिल्यांदा २२ जण एकाच गटात घेतले, तर चौघे लिहायचे आणि बाकीचे नुसते बघायचे. मग पाच-पाचचे गट केले. प्रत्येक गटात एक कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी, तेही मुलांच्या गटात मुलगा आणि मुलींच्या गटात मुलगी. पाच जणांत न लिहिणारा लगेच उघडा पडतो, आणि दुसरा कोणीतरी त्याला शाळेच्या गेटवर विचारतो, "काल का नाही लिहिलंस?" फोनवर सुरू झालेलं हे असं गेटवर पोचलं की मला बरं वाटतं.

याकोबाच्या तिसऱ्या अध्यायात जिभेबद्दल लिहिलंय, लहानशी ठिणगी केवढं रान पेटवते ते. नववीतल्या मुलीने त्या दिवशी खाली लिहिलं, "आता जीभ म्हणजे अंगठा." आदल्या आठवड्यात तिच्याच वर्गात एका मुलीच्या फोटोखाली कोणीतरी घाणेरडं लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी त्यावर हसण्याची चिन्हं टाकली होती, त्यात हिचंही एक होतं. ते तिने तिथेच लिहिलं. शनिवारी ती लवकर आली आणि म्हणाली, ताई, मी तिच्या घरी जाऊन सॉरी म्हणून आले.

आणखी एक आठवण. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात, तरुणाने विश्वास ठेवणाऱ्यांचा 'कित्ता' व्हावं असं आपल्या मराठी शास्त्रात आहे. एका मुलाने खाली प्रश्न टाकला, "कित्ता म्हणजे काय?" दुसऱ्याने लिहिलं, "बहुतेक किती चं काहीतरी." मला ॲपवर अर्थ लिहून टाकता आला असता. मी तसं केलं नाही. शनिवारी शाळेतून सुलेखनाची वही नेली, वर सुबक छापील ओळ आणि खाली ठिपक्यांची अक्षरं. ती मुलांच्या हातात दिली आणि पेन्सिल दिली. म्हटलं, गिरवा. बारावीतला दाढी फुटलेला मुलगा जीभ दाताखाली धरून 'म' गिरवत होता. मग मी विचारलं, ही वरची ओळ दिसते ना, तिला कित्ता म्हणतात, तिच्याकडे बघून लहान मुलं अक्षर वळवतात. तुमच्याकडे बघून संडे स्कूलची मुलं काय वळवत असतील? कोणी उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या रविवारी त्यातले तिघं संडे स्कूलमध्ये मदतीला आले.

ॲपमध्ये सलग किती दिवस उघडलं त्याचा आकडा दिसतो. काही मुलांना तो आकडा मोडू नये याचीच काळजी लागते. एकीने मला सांगितलं की ताप होता तरी तिने फक्त उघडून बंद केलं, आकडा राहावा म्हणून. आम्ही गटात बोललो आणि ठरवलं की आकड्याचा उल्लेख सभेत करायचा नाही, त्यावर शाबासकी द्यायची नाही.

आमच्या मंडळीतले काही वडीलधारे सुरुवातीला म्हणाले, देवळात फोन कशाला. त्यांचं दुखणं मला कळतं. पण याच नगरात १८४२ साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं, तेव्हा छापखाना हीच नवी गोष्ट होती. नगरच्या ख्रिस्ती लोकांनी कीर्तन उचललं, अभंगाच्या चालीवर भजनं बांधली, आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी आज आम्ही डोळे मिटून म्हणतो. आपल्या आधीच्या लोकांनी माणसं जिथे होती तिथे जाऊन सांगितलं. खजिनदार काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण एजन्सीचे पैसे पुन्हा मागू नकोस." मागणार नाही.

तारेच द्यायचे तर बायबल ॲपला पाचपैकी साडेचार, व्हॉट्सॲप कम्युनिटीला साडेतीन, इन्स्टाग्रामला तीन, तेही मुलं स्वतः चालवत असतील आणि पालक सोबत असतील तरच. शनिवारी आता १८ ते २२ मुलं येतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत अकरावर आली होती, एप्रिलमध्ये परत भरली.

एक राहिलं. आमच्यातल्या चार मुलांकडे फोन नाही. त्यातल्या एकाच्या घरी एकच फोन, तो वडील एमआयडीसीत रात्रपाळीला नेतात. सुरुवातीला मी रोजचं वाचन झेरॉक्स करून देवळाच्या बाजूच्या दाराशी फलकावर लावायचे, आणि त्याने कागदावर लिहिलेलं घरी आणून गटात टाईप करायचे. पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "ताई, माझं टाईप करू नका. त्यांना इथे येऊन वाचू दे." मी थांबवलं. आधी त्याच्या गटातले दोघे सायकलवर आले, वाचलं आणि खाली पेनने उत्तर लिहून गेले. आता त्या कागदाला कडेला जागा उरत नाही, मी खाली दुसरा कागद डकवते. सोमवारी सकाळी शाळेत जाता जाता थांबून आधी तेच वाचते.